बदली दस्ता (बोल्ट-ॲक्शन रायफल)

बदली दस्ता म्हणजे बोल्ट-ॲक्शन रायफलचा कारखान्यातून आलेला मूळ दस्ता काढून त्याच्या जागी बसवला जाणारा, सामान्यतः अन्य उत्पादकाने तयार केलेला दस्ता होय. रायफलची नळी, रिसीव्हर, बोल्ट आणि चापाची यंत्रणा हे धातूचे भाग ज्या आधारात बसवलेले असतात, तो लाकडाचा, तंतुकाचेचा, प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा भाग म्हणजे दस्ता. मराठीत यासाठी दस्ता आणि कुंदा हे दोन्ही शब्द रूढ आहेत. त्यांपैकी कुंदा हा शब्द बहुधा खांद्याला टेकणाऱ्या मागील भागापुरता वापरला जातो.

दस्ता म्हणजे केवळ रायफल धरण्याची मूठ, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. गोळी सुटताना बसणारा धक्का धातूच्या भागांकडून दस्त्याकडे आणि दस्त्याकडून नेमबाजाच्या खांद्याकडे जातो. या क्रियेत धातू आणि दस्ता यांचा स्पर्श प्रत्येक वेळी सारखाच राहिला, तर गोळ्या एका जागी पडतात. तो बदलत राहिला, तर उत्तम नळी असूनही नेम विखुरतो. म्हणून बदली दस्त्याचे यश त्याच्या रूपावर किंवा किमतीवर नव्हे, तर त्यात धातूचे भाग कसे बसतात, म्हणजेच त्याच्या बैठकीवर अवलंबून असते.

रचना आणि संज्ञा

बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये नेमबाज हाताने दांडा उचलून व मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर काढतो आणि दांडा पुढे ढकलून नवे काडतूस नळीत भरतो. हा दांडा असलेल्या दंडगोल भागास बोल्ट म्हणतात. बोल्ट ज्या पोकळ धातूच्या भागात मागेपुढे सरकतो, तो रिसीव्हर. नळी रिसीव्हरच्या पुढच्या टोकात आट्यांनी घट्ट बसवलेली असते, तर चापाची यंत्रणा रिसीव्हरच्या खाली टांगलेली असते.

दस्त्याचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. नळीखालचा भाग म्हणजे पुढचा दस्ता. चापामागे हाताने धरण्याचा भाग म्हणजे मूठ. आणि खांद्याला टेकणारा भाग म्हणजे कुंदा. कुंद्याच्या वरच्या कडेवर नेमबाज गाल टेकवतो. कुंद्याच्या मागील टोकास धातूची किंवा रबराची पट्टी असते. दस्त्याच्या आतील बाजूस रिसीव्हर, मॅगझिन आणि चाप यांच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या असतात.

रिसीव्हर दस्त्यात सामान्यतः दोन किंवा तीन स्क्रूंनी आवळलेला असतो. हे स्क्रू चापाच्या कड्यासह असलेल्या खालच्या धातूच्या पट्टीतून वर जाऊन रिसीव्हरमध्ये बसतात. मात्र गोळीचा धक्का स्क्रूंनी पेलावा अशी अपेक्षा नसते. त्यासाठी रिसीव्हरच्या पुढील भागाखाली एक आडवी खुंटी असते. ही धक्का पेलणारी खुंटी दस्त्यातील खाचेच्या मागच्या भिंतीला पूर्णपणे टेकलेली असणे आवश्यक असते. ती टेकलेली नसेल, तर प्रत्येक गोळीगणिक रिसीव्हर थोडा मागे सरकतो, धक्का स्क्रूंवर येतो आणि कालांतराने लाकूड फाटते.

या खुंटीची रचना सर्व रायफलींत सारखी नसते. १८९८ च्या माउझर रायफलमध्ये आणि १९३६ साली बाजारात आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये ती रिसीव्हरच्याच धातूतून घडवलेली असते आणि रिसीव्हरचा तळ सपाट असतो. १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन मॉडेल ७०० मध्ये रिसीव्हर गोल असतो आणि खुंटी ही नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये आवळलेली स्वतंत्र पट्टी असते. गोल रिसीव्हर यंत्रावर घडवण्यास सोपा असतो, आणि त्याच्यासाठी दस्त्यात खाच कोरणेही तुलनेने सुलभ ठरते. रेमिंग्टन ७०० साठी बाजारात बदली दस्त्यांची विपुलता असण्याचे हे एक कारण आहे. पुढे इतर अनेक उत्पादकांनीही आपले रिसीव्हर याच मापांचे ठेवले, जेणेकरून तयार दस्ते त्यांनाही बसावेत.

इतिहास

लष्करी रायफलींत दस्ता बदलणे ही मुळात दुरुस्तीची बाब होती. लाकूड फुटणे, झिजणे किंवा तेल पिऊन मऊ होणे हे नित्याचे असल्यामुळे सैन्याच्या शस्त्रशाळांत सुटे दस्ते ठेवले जात. ब्रिटिश साम्राज्यात, आणि म्हणून भारतातही, दीर्घकाळ वापरात असलेल्या ली-एनफिल्ड रायफलचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. तिचा कुंदा एका लांब बोल्टने रिसीव्हरला जोडलेला असल्यामुळे तो स्वतंत्रपणे बदलता येतो. सैनिकाच्या बांध्यानुसार कुंद्याच्या वेगवेगळ्या लांबी उपलब्ध होत्या. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा इंच मोठा, अर्धा इंच लहान आणि त्याहूनही आखूड असे कुंदे दिले जात व त्यांवर तशी खूण असे. नेमबाजाच्या शरीराप्रमाणे दस्ता असावा, हे तत्त्व त्यामुळे लष्करी व्यवहारातही मान्य झाल्याचे दिसते.

ली-एनफिल्डचा पुढचा दस्ता मात्र कुंद्याइतका सहज बदलता येत नाही. धक्का ज्या दोन जागी लाकडावर येतो, तेथे तो काळजीपूर्वक घासून बसवावा लागतो. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने स्थानिक लाकूड वापरण्यास सुरुवात केल्यावर ते अक्रोडापेक्षा मऊ असल्यामुळे या जागी तांब्याच्या चकत्या बसवल्या. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार किंवा दुरुस्त झालेल्या अनेक रायफलींच्या पुढच्या दस्त्यात लाकूड फाटू नये म्हणून आडवा स्क्रू घातलेला आढळतो. दोन्ही उपाय एकाच अडचणीतून निघालेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील व अमेरिकेतील सैन्यांच्या जुन्या माउझर, स्प्रिंगफिल्ड आणि एनफिल्ड रायफली मोठ्या संख्येने नागरी बाजारात स्वस्तात विकल्या गेल्या. त्यांचे जड लष्करी दस्ते काढून शिकारीस योग्य असे हलके दस्ते बसवण्याची प्रथा अमेरिकेत फोफावली. मिसुरी राज्यातील वॉर्सा या छोट्या गावातील बिशप आणि फायेन या संस्था अशा अर्धवट कोरलेल्या अक्रोडाच्या दस्त्यांसाठी प्रसिद्ध होत्या. ग्राहक टपालाने दस्ता मागवी आणि उरलेले कोरणे, घासणे व तेल देणे घरी पूर्ण करी. बदली दस्त्याच्या आधुनिक बाजारपेठेची सुरुवात या काळात झाली, असे मानता येते. या प्रथेची दुसरी बाजू अशी की, मूळ दस्ते फेकून दिले गेल्यामुळे ऐतिहासिक स्वरूपातील लष्करी रायफली दुर्मीळ झाल्या. आज संग्राहकांच्या दृष्टीने मूळ दस्ता असलेल्या रायफलचे मोल बदललेल्या रायफलपेक्षा बहुधा अधिक असते.

व्हिएतनामचा अनुभव

बदली दस्त्याच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा व्हिएतनाम युद्धाशी निगडित आहे. अमेरिकेच्या मरीन कोरने १९६६ साली रेमिंग्टन ७०० वर आधारित एम४० ही निशाणेबाज सैनिकांची रायफल स्वीकारली. तिचा दस्ता अक्रोडाचा होता. व्हिएतनाममधील दमट हवेत आणि सततच्या पावसात हे लाकूड फुगे व वाकडे होई, त्यामुळे दस्त्याचा दाब नळीवर येऊन नेम सरके. दूरच्या लक्ष्यावर पहिलीच गोळी लागावी अशी अपेक्षा असलेल्या सैनिकासाठी हा दोष गंभीर होता.

१९७० च्या दशकात या रायफली व्हर्जिनियातील क्वांटिको येथील मरीन कोरच्या शस्त्रशाळेत नव्याने बांधण्यात आल्या आणि त्यांना मॅकमिलन कंपनीचा तंतुकाचेचा दस्ता बसवण्यात आला. या सुधारित रायफलला एम४०ए१ असे नाव मिळाले. तंतुकाच पाणी शोषत नसल्यामुळे पावसाळी व कोरड्या हवेत दस्त्याचा आकार सारखा राहिला. १९८८ साली अमेरिकी भूदलाने स्वीकारलेल्या एम२४ रायफलच्या दस्त्यात त्यापुढचे पाऊल टाकलेले दिसते. या दस्त्यात कृत्रिम तंतूंच्या आवरणाखाली ॲल्युमिनियमचा ठोकळा असून रिसीव्हर थेट त्या ठोकळ्यावर बसतो. २०१० नंतर यांपैकी अनेक रायफलींचे रूपांतर एम२०१० मध्ये करण्यात आले. त्या वेळी मूळ रिसीव्हर कायम ठेवून नळी व काडतुसाचा प्रकार बदलला गेला आणि दस्त्याच्या जागी घडी होणारी धातूची चौकट आली.

धातूच्या चौकटीची कल्पना ब्रिटनमध्ये आधीच रुजली होती. लॉस एंजेलिस १९८४ आणि सोल १९८८ या दोन ऑलिंपिक स्पर्धांत ५० मीटर रायफल तीन अवस्था प्रकारात सुवर्णपदक मिळवणारे नेमबाज माल्कम कूपर हे ॲक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. या कंपनीच्या रायफलीत रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या चौकटीला जोडलेला असतो आणि प्लॅस्टिकच्या दोन बाजू तिच्यावर केवळ आवरण म्हणून बसतात. ब्रिटिश सैन्याने ही रायफल १९८० च्या दशकात एल९६ए१ या नावाने स्वीकारली. ज्याला आज चौकटीचा दस्ता म्हणतात, त्या प्रकाराच्या प्रसारास तिने मोठी चालना दिली.

साहित्य

अक्रोड : दस्त्यासाठी शतकानुशतके पसंत केले गेलेले लाकूड. ते फार जड नसते, सहज कोरता येते, धक्क्याने लवकर फाटत नाही आणि त्याचे रेषांकन देखणे असते. दोष एवढाच की, कोणत्याही लाकडाप्रमाणे ते हवेतील ओलावा शोषते व सोडते. अळशीच्या तेलाचे किंवा अन्य रोगणाचे थर हा वेग कमी करतात. पूर्ण थांबवत नाहीत. दस्त्याची केवळ बाहेरची बाजू रोगण देऊन आतील खाच कोरी ठेवली, तर ओलावा तेथूनच आत शिरतो.

थरांचे लाकूड : पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून तयार केलेले लाकूड. प्रत्येक थराच्या ओढीला शेजारच्या थराकडून अटकाव होत असल्यामुळे ते अखंड लाकडाच्या मानाने कमी वाकते. जर्मनीने दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच माउझर के९८के रायफलीसाठी बीच वृक्षाच्या थरांचे दस्ते वापरात आणले होते. त्याचे वजन मात्र अक्रोडापेक्षा अधिक भरते.

तंतुकाच व कार्बन तंतू : राळेत भिजवलेल्या तंतूंचे थर साच्यात घालून हे दस्ते बनवतात. ते हलके, ताठ आणि ओलाव्यापासून मुक्त असतात. हाताने थर घालण्याचे श्रम असल्यामुळे किंमत जास्त असते.

साच्यात ओतलेले प्लॅस्टिक : सर्वांत स्वस्त प्रकार. पाऊस व ओरखडे यांना तो दाद देत नाही. परंतु पातळ भिंतींच्या दस्त्याचा पुढचा भाग लवचिक असतो. दुपाई टेकूवर भार दिला असता किंवा पट्टा ताणला असता तो वाकून नळीला टेकू शकतो. हवामानामुळे लाकडात जो दोष निर्माण होतो, तोच येथे हाताच्या दाबामुळे निर्माण होतो. म्हणून दस्ता कृत्रिम आहे एवढ्यावरून तो लाकडापेक्षा अचूक ठरत नाही.

ॲल्युमिनियमची चौकट : यंत्रावर कोरलेली असल्यामुळे खाचेची मापे काटेकोर असतात आणि पुष्कळदा वेगळी बैठक करावी लागत नाही. कुंद्याची लांबी व गालपट्टीची उंची स्क्रूने बदलता येते. वजन आणि थंडीत हाताला लागणारा गारठा हे तिचे तोटे होत.

दस्त्याची निवड

बदली दस्ता घेताना रायफलचे केवळ नाव पुरेसे नसते. रेमिंग्टन ७०० चेच उदाहरण घेतल्यास, तिचा रिसीव्हर आखूड व लांब अशा दोन मापांत येतो आणि त्यांच्या स्क्रूंमधील अंतर वेगवेगळे असते. बोल्टचा दांडा उजव्या बाजूस आहे की डाव्या, नळी बारीक आहे की जाड, आणि मॅगझिन कोणत्या प्रकारचे आहे, हेही पाहावे लागते. तिच्या एडीएल या प्रकारात मॅगझिन दस्त्याच्या आत बंद असते, तर बीडीएल या प्रकारात खालून उघडणारे झाकण असते. एका प्रकारासाठी केलेली खाच दुसऱ्यास जशीच्या तशी चालत नाही. सुटे होणारे मॅगझिन हवे असल्यास खालची पट्टीही वेगळी लागते.

दुसरी बाब नेमबाजाच्या मापांची. चापापासून कुंद्याच्या टोकापर्यंतच्या अंतरास ओढीची लांबी म्हणतात. रेमिंग्टन ७०० च्या सामान्य दस्त्यात ती सुमारे ३४ सेंटिमीटर असते. ही लांबी जास्त झाली, तर मान पुढे ताणावी लागते. कमी झाली, तर दुर्बिणीची कड धक्क्यासरशी भुवईवर आपटू शकते. जुने दस्ते नळीवरील उघड्या माशीतून नेम धरण्यासाठी बनवलेले असल्यामुळे त्यांच्या कुंद्याची वरची कड खाली झुकलेली असते. अशा रायफलवर दुर्बीण बसवल्यास गाल टेकेनासा होतो. ब्रिटिश सैन्याच्या क्रमांक ४ (टी) या दुर्बीण बसवलेल्या ली-एनफिल्ड रायफलीच्या कुंद्यावर लाकडाची उंच गालपट्टी जोडलेली असे, ती याच कारणासाठी.

बसवण्याची पद्धत

१. रायफल रिकामी करणे : मॅगझिन व नळीचा मागचा भाग रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने अशी दोनदा खात्री केली जाते. बोल्ट काढून बाजूला ठेवतात आणि कामाच्या खोलीत काडतुसे ठेवत नाहीत.

२. जुना दस्ता काढणे : स्क्रू क्रमाक्रमाने सैल करून रिसीव्हर सरळ वर उचलतात. स्क्रूंची लांबी पुष्कळदा वेगवेगळी असल्यामुळे कोणता स्क्रू कोठला, याची नोंद ठेवणे आवश्यक असते. स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे पेचकस न वापरल्यास डोके खराब होते.

३. कोरडी जुळणी : रिसीव्हर नव्या दस्त्यात कोणताही जोर न लावता बसतो का, हे पाहतात. लाकडी दस्त्यासाठी धातूवर दिव्याची काजळी किंवा निळा रंग पातळ लावून तो आत ठेवतात व पुन्हा काढतात. लाकडावर जेथे डाग उमटतो, तेवढाच भाग पटाशीने किंवा कानशीने खरवडला जातो. ही क्रिया अनेकदा करावी लागते. एकदा काढलेले लाकूड परत लावता येत नाही, म्हणून येथे घाई हा सर्वांत महागडा दोष ठरतो.

४. अडथळे तपासणे : बोल्टचा दांडा पूर्ण खाली जातो का, चाप कोठे घासतो का, सुरक्षा-कळ दोन्ही स्थितींत मोकळी फिरते का, हे पाहतात. मॅगझिनची पेटी रिसीव्हर आणि खालची पट्टी यांच्यात चिमटलेली नसावी. तिला किंचित हालचाल असावी लागते. पेटी चिमटली, तर स्क्रू आवळलेले वाटतात, पण रिसीव्हर दस्त्यावर टेकलेलाच नसतो.

५. स्क्रूंची लांबी : नव्या दस्त्याची जाडी वेगळी असल्यास जुने स्क्रू लांब किंवा आखूड पडतात. पुढचा स्क्रू लांब झाल्यास त्याचे टोक बोल्टच्या पुढच्या खुंट्यांना अडते आणि बोल्ट बंद होत नाही. मागचा स्क्रू लांब झाल्यास तो बोल्टच्या मार्गात येतो. आखूड स्क्रू मोजक्याच आट्यांवर पकडतो आणि आटे निकामी करतो.

६. नळीभोवतीची जागा : नळी दस्त्यापासून मोकळी ठेवायची असल्यास दोहोंमध्ये एक ते दोन मिलिमीटर अंतर पुरेसे असते. कागदाची घडी किंवा चलनी नोट नळीखालून रिसीव्हरपर्यंत अडथळ्याविना सरकवून ते तपासतात.

७. अंतिम आवळणी : रायफल उभी धरून कुंदा जमिनीवर हलकेच टेकवतात, जेणेकरून धक्का पेलणारी खुंटी मागच्या भिंतीला टेकेल. मग स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळतात. आवळणीचे माप दस्त्याच्या साहित्यावर ठरते. ॲल्युमिनियमचा ठोकळा किंवा चौकट असल्यास ६० ते ६५ इंच-पौंड, म्हणजे सुमारे ७ न्यूटन-मीटर, एवढी आवळणी सर्वत्र वापरली जाते. नुसत्या लाकडासाठी ती ४० इंच-पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४.५ न्यूटन-मीटर ठेवतात, कारण अधिक जोराने लाकूड दाबले जाते. तीन स्क्रूंच्या विंचेस्टर ७० सारख्या रायफलीत मधला स्क्रू केवळ टेकेल एवढाच फिरवतात. निर्मात्याने दिलेले माप असल्यास तेच प्रमाण मानावे लागते.

बैठक

रिसीव्हर आणि दस्ता यांच्यातील पोकळी राळेच्या घट्ट मिश्रणाने भरून रिसीव्हरचा हुबेहूब ठसा दस्त्यात घेण्याच्या क्रियेस बैठक करणे म्हणतात. यासाठी पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा चुरा मिसळलेली, दोन द्रव्ये एकत्र केल्यावर कठीण होणारी इपॉक्सी राळ वापरतात.

प्रथम दस्त्यातील रिसीव्हरखालचा भाग थोडा खोल कोरून खडबडीत करतात. रिसीव्हरवरील छिद्रे, चापाची जागा आणि आटे खेळण्याच्या मातीने बुजवतात. त्यानंतर सर्व धातूवर मेण किंवा बुटाचे पॉलिश यांसारखा न चिकटू देणारा थर देतात. हा थर एखाद्या ठिकाणी राहून गेला, तर राळ वाळल्यावर रिसीव्हर दस्त्यात कायमचा अडकतो, आणि तो सोडवण्यासाठी दस्ता फोडण्याची वेळ येऊ शकते. धक्का पेलणाऱ्या खुंटीच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या अंगांवर चिकटपट्टीचा थर लावतात. मागचे अंग तसेच सोडतात. त्यामुळे खुंटी केवळ मागे टेकते आणि इतरत्र मोकळी राहते. राळ पूर्ण वाळेपर्यंत स्क्रू जोराने आवळत नाहीत. तसे केल्यास दस्त्याचा वाक ठशात उतरतो आणि तो ताण कायम राहतो.

लाकूड आणि मऊ दस्त्यांत स्क्रूंभोवती धातूच्या पोकळ नळकांड्या बसवण्याची पद्धतही प्रचलित आहे. या स्तंभांमुळे स्क्रू कितीही आवळले, तरी दाब लाकडावर न येता धातूवर येतो आणि लाकूड आक्रसले, तरी आवळणी सैल होत नाही.

बैठक योग्य झाली की नाही, याची चाचणी सोपी आहे. रायफल उभी धरून एक बोट नळी आणि दस्ता यांच्या सांध्यावर ठेवायचे आणि एक स्क्रू हळूहळू सैल करायचा. नळी दस्त्यापासून उचलल्यासारखी जाणवली, तर रिसीव्हर स्क्रूंच्या जोराने वाकवलेला होता, असे समजावे. मोजमापाचे उपकरण लावल्यास चांगल्या बैठकीत ही हालचाल ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी दिसते.

नळी मोकळी की टेकलेली

नळी दस्त्याला कोठेही टेकू नये, हा आजचा सर्वसाधारण संकेत आहे. गोळी सुटताना नळी कंप पावते आणि तापल्यावर प्रसरण पावते. मोकळी नळी हे दोन्ही प्रत्येक वेळी सारख्याच रीतीने करते. तथापि हा नियम सर्व रायफलींना लागू नाही. ली-एनफिल्डची बारीक नळी पुढच्या टोकाशी दस्त्याच्या ठरावीक दाबावर टेकलेली असावी, असेच तिच्या रचनेत अभिप्रेत आहे. तिची नळी मोकळी केल्यास नेम बहुधा बिघडतो. शिकारीच्या अनेक हलक्या रायफलींतही पुढच्या टोकाशी असा दाब मुद्दाम ठेवलेला असे. नवा दस्ता बसवण्यापूर्वी मूळ रचना कोणत्या तत्त्वावर होती, हे पाहणे म्हणूनच गरजेचे असते.

बसवल्यानंतरच्या चाचण्या

काम पूर्ण झाल्यावर रिकाम्या रायफलवर काही चाचण्या घेतल्या जातात. सुरक्षा-कळ लावून चाप ओढल्यास तो निसटता कामा नये, आणि त्यानंतर चापाला स्पर्श न करता कळ काढल्यासही निसटता कामा नये. बोल्ट जोराने बंद केल्यावर चाप आपोआप सुटता कामा नये. दस्त्याच्या कडेला घासणारा चाप किंवा पूर्ण न फिरणारी सुरक्षा-कळ यांमुळे अनपेक्षित गोळी सुटण्याचा धोका असतो. म्हणून यांपैकी एकही चाचणी असमाधानकारक ठरली, तर रायफल वापरात आणली जात नाही. दस्ता बदलल्यावर नेम पूर्वीच्या जागी राहत नाही. दुर्बीण नव्याने जुळवावी लागते. पहिल्या काही गोळ्यांनंतर स्क्रूंची आवळणी पुन्हा तपासली जाते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेच्या संघीय कायद्यात बंदूक म्हणून नोंद होते ती रिसीव्हरची. त्यामुळे दस्ता हा साधा सुटा भाग म्हणून विकला जातो. मात्र रायफलची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा किंवा नळीची लांबी १६ इंचांपेक्षा कमी झाल्यास १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याची बंधने लागू होतात. आखूड दस्ता बसवताना ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश होतो. या अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्रांची निर्मिती, विक्री, हस्तांतरण, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यांसाठी परवाना लागतो. त्यामुळे परदेशात घरच्या घरी केले जाणारे हे काम भारतात परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घेणे आवश्यक ठरते. ईशापूरच्या कारखान्यात बनणारी .३१५ बोअरची बोल्ट-ॲक्शन रायफल परवानाधारक नागरिकांकडे आढळते. तिची घडण ली-एनफिल्डवर आधारित असल्यामुळे त्या रायफलच्या दस्त्याविषयीचे नियम तिलाही लागू पडतात.

क्रीडा नेमबाजीतील स्थान

५० मीटर रायफल या ऑलिंपिक प्रकारात .२२ बोअरची, एका वेळी एकच काडतूस भरण्याची बोल्ट-ॲक्शन रायफल वापरतात. तिच्या दस्त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग हलवता येतो : गालपट्टी, खांद्याचा आकडा, मूठ आणि हाताचा टेकू. उभे राहून, गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून अशा तीन अवस्थांत शरीराची ठेवण बदलते, तसा दस्ताही प्रत्येक अवस्थेसाठी जुळवला जातो. अनेक खेळाडू एका कंपनीची नळी व रिसीव्हर आणि दुसऱ्या कंपनीचा दस्ता असा मेळ घालतात. दस्त्याची मापे व रायफलचे वजन यांवर आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांची मर्यादा असते.

महाराष्ट्राचे, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्याचे, या प्रकाराशी जवळचे नाते आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल पालथ्या अवस्थेच्या प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन अवस्था प्रकारात कांस्यपदक पटकावले. या पातळीवर दस्त्याची जुळवणी हा नेमबाजाच्या सरावाचाच भाग असतो. एकदा ठरलेली मापे वहीत नोंदवून ठेवली जातात आणि रायफल सुटी करून पुन्हा जोडल्यावर ती तंतोतंत राखली जातात.

हेही पाहा

रायफल
ली-एनफिल्ड
नेमबाजी
ईशापूर रायफल कारखाना
शस्त्र अधिनियम, १९५९